घरात वस्तू 31, वायफाय एकच

या वेळी राऊटरवरची पत्रं इतकी आलीत की सगळं पान त्यालाच दिलंय. पहिलं पत्र औशाच्या ताईंचं आहे, त्याचं उत्तर जरा लांबलंय, पण ते नीट वाचलं तर बाकीच्यांचे अर्धे प्रश्न त्यातच सुटतील.

प्रश्न : नमस्कार दादा, आमचं औशाला दोन मजली घर आहे, माणसं सात. काल बसून मोजलं तर वायफायवर मोबाईल 8, टीव्ही 2, पोराचा टॅब, माझा लॅपटॉप (मी घरून काम करते), कॅमेरे 4, प्रिंटर, एसी 2, अलेक्सा, स्मार्ट बल्ब 9, गिझरचा प्लग आणि गच्चीवरच्या सोलरच्या इन्व्हर्टरचं डोंगल, म्हणजे 31 झाले. प्लॅन 100 एमबीपीएसचा आहे. दिवसा ठीक चालतं पण संध्याकाळी सातनंतर सगळं अडकायलंय, मीटिंगमध्ये माझा आवाज तुटायलाय, सासरे म्हणायलेत बातम्या नुसत्या गोल फिरायल्यात. दुकानदार म्हणतो आठ अँटेनाचा राऊटर घ्या, नेटवाला म्हणतो 300 चा प्लॅन घ्या. कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, आत्ता तरी दोघांचंही ऐकू नका. आधी हिशोब करू. एक साधा 2 मेगापिक्सलचा कॅमेरा 2 ते 4 एमबीपीएस खातो, चार कॅमेरे मिळून जास्तीत जास्त 16 धरा. एक टीव्ही 4के वर लावला तर 15 ते 25, दुसरा साध्या एचडीवर 5 ते 8. तुमची मीटिंग 3-4, पोराचा क्लास तेवढाच, आणि मोबाईलवर रील बघणाऱ्यांचे मिळून 15-20 धरा. बल्ब, प्लग, एसी, सोलरचं डोंगल हे तर दिवसभरात एखाद्या फोटोइतका डेटा हलवतात. सगळं एका वेळी चालू असलं तरी बेरीज ऐंशीच्या वर जात नाही, म्हणजे 100 चा प्लॅन तुम्हाला पुरतोय. 300 चा घेतला तरी संध्याकाळी तसंच अडकणार, फक्त बिल वाढणार.

मग अडतंय कुठं? तर हवेत. आपल्याकडं उन्हाळ्यात गल्लीत टँकर येतो ते डोळ्यासमोर आणा. टँकर भरलेला आहे, पण नळी एकच, म्हणून रांग लागते. वायफायचं अगदी तसंच आहे, एका चॅनलवर एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. आता रांगेत कोणी रुंद तोंडाचं पिंप आणलं तर ते झटक्यात भरतं, पण कोणी बारीक तोंडाचा कॅन आणला तर नळी बारीक धरून हळूहळू भरावं लागतं आणि मागची सगळी रांग उभी राहते. त्याला पाणी थोडंच लागतं, पण वेळ सगळ्यांचा जातो. तुमच्या घरातला तो बारीक तोंडाचा कॅन म्हणजे बहुतेक गेटवरचा कॅमेरा असणार. लांब आहे, मध्ये दोन भिंती, सिग्नल कमजोर, म्हणून तो राऊटरशी एकदम हळू बोलतो, आणि कॅमेरा असल्यामुळं एक मिनिट गप्प बसत नाही.

मागच्या उन्हाळ्यात निलंग्याला एका घरी अगदी हेच बघितलं. त्यांनी दोन वर्षांत दोन राऊटर बदलले होते. राऊटरच्या सेटिंगच्या पानावर गेटवरच्या कॅमेऱ्याचा सिग्नल उणे 84 डीबीएम दिसत होता (हा आकडा शून्यापासून जितका लांब तितका सिग्नल कमजोर. उणे 67 पर्यंत व्हिडिओ नीट चालतो, त्याच्या खाली गेलं की ओढाताण सुरू, आणि उणे 84 म्हणजे जवळजवळ तुटलेलाच). मी काहीच केलं नाही, फक्त त्या कॅमेऱ्याचा प्लग काढला आणि वरच्या खोलीतल्या पोरीला म्हणलं आता व्हिडिओ कॉल लाव. ती कॉल चालू ठेवून जिना उतरत खाली आली, एकदाही चित्र थांबलं नाही. प्लग परत लावला, मिनिटभरात अडकायला लागलं. घरातल्या सगळ्यांनी डोळ्यानं बघितलं म्हणून पटलं, नुसतं सांगून पटलं नसतं. तुम्हीही आज संध्याकाळी सातनंतर हेच करून बघा, एक-एक कॅमेरा दहा-दहा मिनिटं बंद ठेवा. फुकटची तपासणी आहे.

त्यामुळं राऊटर निवडायच्या आधी रांग कमी करा. जी वस्तू जागेवरून हलत नाही आणि जिला मागं लॅनचं, म्हणजे नेटची वायर खोचायचं, भोक आहे, तिला वायर द्या. दोन्ही टीव्ही, तुमचा कामाचा लॅपटॉप, प्रिंटर. टीव्हीचं भोक बहुतेक 100 एमबीपीएसचंच असतं, पण 4के ला 25 पुरतात म्हणल्यावर काही बिघडत नाही. कॅमेऱ्याला वायरचं भोक असेल तर त्यालाही वायर, नसेल तर निदान रेकॉर्डिंग त्याच्यातल्या कार्डावर होऊ द्या आणि हालचाल झाली तरच इंटरनेटवर पाठव अशी सेटिंग करा. केबल कॅट 6 घ्या आणि दुकानात घेतानाच टोकाची एक तार ब्लेडनं खरवडून बघा, आत तांबूस निघाली तर घ्या, पांढरी चंदेरी निघाली तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, तसली घेऊ नका. दोन-तीन वर्षांत टोकं सैल व्हायला लागतात आणि मग लोक राऊटरला दोष देतात.

आता राऊटर. अँटेना मोजू नका. राऊटर कितीही मोठ्यानं ओरडला तरी तुमच्या मोबाईलचा आवाज बारीकच असतो, तो राऊटरपर्यंत पोचला पाहिजे ना. बहुतेक मोबाईलला आत वायफायच्या दोनच अँटेना असतात, म्हणून समोर आठ असल्या तरी त्या एका मोबाईलला काही चौपट मिळत नाही. पेटीवरच्या मोठ्या आकड्याचंही तेच. एएक्स 3000 लिहिलेलं असतं ते म्हणजे 2.4 गिगाहर्ट्झचे 574 आणि 5 गिगाहर्ट्झचे 2402 यांची बेरीज (वायफाय या दोन पट्ट्यांवर चालतं), तीन हजार कोणत्याच एका मोबाईलला कधीच मिळत नाहीत. आणि "100 उपकरणं चालतील" असं लिहिलेलं असलं तर चिकटतील एवढाच अर्थ घ्या, सगळी एका वेळी व्हिडिओ ओढतील असा नाही.

तुमच्या घराला वायफाय 6 चा (वायफायची सहावी पिढी), एएक्स 3000 वर्गातला, चारही भोकं गिगाबिटची असलेला राऊटर पुरेसा आहे, साधारण चार ते साडेपाच हजारात बसतो. स्वस्तातल्यांमध्ये भोकं 100 चीच देतात, मग 300 चा प्लॅन घेऊनही हातात 94-95 च येतात, ते पेटीवर मुद्दाम वाचून घ्या. मेमरी 256 एमबी किंवा जास्त असेल तर चांगलं, कारण 31 जणांचा हिशोब त्याला एकाच वेळी डोक्यात ठेवायचा असतो. वायफाय 6 चा खरा फायदा स्पीडचा नाही. टँकरच्या त्या एका नळीला चार-पाच तोट्या बसवल्यासारखं ते आहे, एकाच पाळीत चार-पाच जणांना थोडं-थोडं वाढता येतं. पण खरं सांगायचं तर हा फायदा फक्त वायफाय 6 च्या मोबाईल-लॅपटॉपला मिळतो, तुमचे बल्ब आणि बहुतेक कॅमेरे जुन्या पद्धतीचे, ते आपल्या जुन्याच पाळीनं बोलणार. तरी नवे मोबाईल आपलं काम उरकून लवकर बाजूला होतात आणि हवा मोकळी राहते. वायफाय 7 च्या मागं आत्ता लागू नका, तुमच्या 31 वस्तूंपैकी एकही त्या पद्धतीची नसेल तर ते पैसे केबलला लावा.

नवा राऊटर आला की कंपनीनं दिलेला डबा काढून फेकायचा नाही, फायबर त्याच्यातच संपते. त्याच्या लॅनच्या भोकातून नव्या राऊटरला वायर द्यायची, नवा राऊटर ॲक्सेस पॉईंट मोडवर (म्हणजे तो फक्त वायफाय पसरवेल) टाकायचा आणि जुन्या डब्याचं वायफाय बंद करायचं. लोक ते बंद करायचं विसरतात आणि मग घरात दोन वायफाय एकमेकांच्या आवाजात बोलत बसतात. एक मात्र आहे, ॲक्सेस पॉईंट मोडवर प्रत्येक वस्तूला नेटवर्कवरचा पत्ता वाटायचं काम जुन्या डब्याकडंच राहतं, तो डबाच कच खात असेल तर नेटवाल्याला सांगून तो ब्रिज मोडवर (नेट नुसतं पुढं सोडेल असा) करून घ्या आणि नवा राऊटर परत राऊटर मोडवर ठेवा, मग सगळं नवा राऊटर बघेल.

आणि सगळ्यात वेळ वाचवणारी गोष्ट : नव्या वायफायला नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवा, अक्षर न् अक्षर तेच. 31 च्या 31 वस्तू आपोआप येऊन चिकटतील, नाहीतर स्टुलावर चढून नऊ बल्ब एक-एक करून परत जोडत बसावं लागेल. सुरक्षेच्या सेटिंगमध्ये नुसतं डब्ल्यूपीए 3 निवडू नका, 2 आणि 3 दोन्ही चालेल असं निवडा, जुन्या बल्बना 3 समजत नाही. पुढं सवड मिळाली की बल्ब, प्लग, सोलर यांच्यासाठी 2.4 चं वेगळं गेस्ट नेटवर्क काढून तिकडं हलवा, म्हणजे एखाद्या स्वस्त प्लगमधून कोणी आत शिरलं तरी तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचणार नाही. टीव्ही आणि प्रिंटर तिकडं टाकू नका, मोबाईलवरून टीव्हीवर चित्र पाठवता येणार नाही.

जागा म्हणाल तर दोन मजली घरात जिन्याजवळ, छातीच्या वर उंचीला. टीव्हीच्या मागं नको, लोखंडी कपाटावर नको, आणि दिसायला बरं दिसत नाही म्हणून शोकेसमध्ये कोंबून तर मुळीच नको.

प्रश्न : अंबाजोगाईला आमचा जुना वाडा आहे, भिंती दोन-अडीच फुटी दगड-मातीच्या, मागच्या सोप्यावर अजून माळवद आहे. राऊटर पुढच्या बैठकीत. मधल्या चौकात जरा रेंज येते, मागच्या खोल्यांत काहीच नाही. मोठा राऊटर घेतला तर पोचेल का?

उत्तर : काका, नाही पोचणार, आणि पोचेल म्हणून कोणी विकत असेल तर त्याला आधी घरी आणून लावून दाखवा म्हणा. दगड आणि माती सिग्नल गिळतात, 5 गिगाहर्ट्झ तर एका भिंतीतच संपतं, आणि पावसाळ्यात भिंत ओल धरली की आणखी कमी होतं. रिपीटरच्या नादाला लागू नका, तो ऐकलेलं परत सांगतो म्हणजे तेच बोलणं दोनदा होतं आणि वेग निम्म्यावर येतो.

वाड्याला चौक असतो ही तुमची मोठी सोय आहे. दोन डब्यांचा मेश सेट (दोन्ही डबे मिळून एकच वायफाय देतात) घ्या, वायफाय 6 चा सात-आठ हजारांपासून पुढं मिळतो, पण दोन्ही डबे एकमेकांना वायरनं जोडा, हवेतून नको. वायर बैठकीतून चौकात काढायची, वळचणीखालून पट्टीत घालून मागं न्यायची आणि दाराच्या वरच्या झरोक्यातून आत घ्यायची. भिंतीला ड्रिल लावू नका, जुन्या मातीच्या जोडाईत एक दगड हलला की आजूबाजूचं सगळं सुटायला लागतं आणि मग वायफायचा खर्च गवंड्याला जातो. लॅनची केबल 100 मीटरपर्यंत चालते, वाड्याला चाळीस-पन्नास भरपूर झाले. चौकातला तुकडा उन्हात राहणार म्हणून बाहेर वापरायची काळ्या आवरणाची केबल मागा.

प्रश्न : लातूरला आम्ही नीटच्या पोरांना खोल्या दिल्यात, बारा पोरं आहेत. प्रत्येकाचा मोबाईल, टॅब, कोणाचा लॅपटॉप. रात्री नऊला सगळी एकदम लेक्चर लावतात. कधी-कधी नव्या मोबाईलला वायफाय जोडतं पण नेट चालत नाही, राऊटर बंद-चालू केला की चालतं.

उत्तर : ताई, तुमचे दोन वेगळे आजार आहेत. जोडतं पण नेट नाही, हे बहुतेक पत्ते संपल्याचं लक्षण. राऊटर प्रत्येक मोबाईलला एक पत्ता देतो, कितीतरी राऊटरमध्ये शंभरच पत्ते ठेवलेले असतात, काहींत त्याहून कमी. पोरांचे मित्र येतात-जातात, आजकालचे मोबाईल वायफाय विसरून परत जोडलं की नव्या ओळखीनं येऊ शकतात, आणि दिलेला पत्ता राऊटर दिवसभर अडवून ठेवतो. राऊटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपीच्या (पत्ते वाटायच्या) पानावर जाऊन शेवटचा आकडा 250 करा आणि लीज टाईम, म्हणजे पत्ता अडवून ठेवायचा वेळ, दोन तासांवर आणा. इतकंच करून आठ दिवस बघा.

दुसरं म्हणजे एका पोराच्या मोबाईलनं रात्री सगळे फोटो क्लाउडवर चढवायला घेतले की बाकी अकरांचं लेक्चर थांबतं. त्यासाठी माणशी मर्यादा घालता येणारा राऊटर घ्या, विकत घ्यायच्या आधी हेच विचारा. 150 चा प्लॅन असेल तर डाऊनलोड 10 आणि अपलोड 5 ची मर्यादा एका मोबाईलला घाला, लेक्चरला 3-4 च लागतात. आणि एकच मोठा राऊटर ठेवण्यापेक्षा मजल्याला एक असे छताला लावायचे ॲक्सेस पॉईंट लावा, त्यांना वीजही लॅनच्याच वायरीतून जाते. या पोरांचं अख्खं वर्ष पणाला लागलेलं असतं ताई, रात्रीचं लेक्चर अर्ध्यात तुटतं तेव्हा त्यांची चिडचिड किती होते ते मी बघितलंय. हे काम परीक्षेच्या तोंडावर नको, जूनमध्ये खोल्या भरायच्या आधीच उरकून घ्या.

प्रश्न : परभणी. राऊटर वरच्या पत्र्याच्या खोलीत आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी आपोआप बंद-चालू होतो, रात्री नीट चालतो. लाईटही सारखी ये-जा करते. राऊटर खराब झालाय का?

उत्तर : दादा, राऊटर खराब नाही, भाजायलाय. घरगुती राऊटरच्या कागदावर बहुतेक 0 ते 40 अंश लिहिलेलं असतं. आपल्या परभणीत मेमध्ये बाहेरच 43-44 होतात, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि डब्याच्या आत आणखी जास्त. खालच्या स्लॅबच्या खोलीत आणा, भिंतीला उभा टांगा म्हणजे जाळ्यांतून वारा फिरेल. पत्र्याचा सिग्नललाही अडथळा होतो, तोही प्रश्न सुटेल.

लाईटसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, हजार-दीड हजारात. घ्यायच्या आधी ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचा, व्होल्ट तेवढेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. आणि फायबरचा डबा विसरू नका, लोक राऊटरला यूपीएस लावतात आणि फायबरचा डबा तसाच भिंतीच्या प्लगवर ठेवतात, मग वायफाय दिसतं पण नेट नसतं. यूपीएसवर 10000 एमएएच लिहिलं असेल तर ते आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचं असतं, म्हणजे 37 वॅट-तास. दोन डबे मिळून 15 वॅट ओढत असतील तर दोन-सव्वादोन तास धरा, दुकानदार सहा सांगेल.

प्रश्न : घनसावंगीजवळ आमचं गाव आहे. घरापासून शेतातला आखाडा (रानातली राहायची जागा) 400 मीटर. तिथं दोन कॅमेरे लावायचेत, घरचं वायफाय तिथवर नेता येईल का? मोटर चोरीला जायल्यात.

उत्तर : नेता येतं दादा, पण राऊटरनं नाही. लॅनची केबल 100 मीटरच्या पुढं चालत नाही, आणि चालली असती तरी मी उघड्या रानातून तांब्याची वायर ओढू दिली नसती. मागं आमच्याच घरी मृगाच्या आधीच्या वादळात विहिरीजवळ वीज पडली, शेजारच्या खोलीपर्यंत नेलेल्या तीस मीटर लॅनमधून झटका आत आला आणि राऊटर, स्विच, टीव्ही तिन्ही गेले. वीज थेट घरावर पडावी लागत नाही. फायबरच्या काचेतून करंट येत नाही, पण तिच्या आधाराला बहुतेक लोखंडी तार असते, ती घराबाहेरच तोडून ठेवायला सांगायची.

तुम्हाला 5 गिगाहर्ट्झची समोरासमोर बघणारी दोन वायरलेस यंत्रं लागतील, एक घराच्या गच्चीवर, एक आखाड्यावर खांबाला. 400 मीटर म्हणजे त्यांच्यासाठी काहीच नाही, दोन कॅमेऱ्यांचे 8 एमबीपीएस आरामात जातात. आखाड्यावर लाईटचा भरवसा नसेल आणि तिथं मोबाईलची रेंज चांगली असेल तर हे सगळं सोडून सोलरवर चालणारा सिमकार्डचा कॅमेरा लावा, सोपं पडतं. यंत्रं लावायचीच असतील तर दोन्हीकडून एकमेकांची टोकं मोकळी दिसली पाहिजेत, मध्ये बाभळ नको, लिंब नको. आणि खांबाची उंची उसाची तोडणी झाल्यावर ठरवू नका, ऊस पुरुषभर उंचीच्या वर गेलेला असताना गच्चीवर उभं राहून ठरवा.